वाहतूक कॅमेरे जीव वाचवतात की पैसे वसूल करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नगरपालिकेपुढे वेगमर्यादा आणि लाल सिग्नल मोडणाऱ्यांना टिपणारे स्वयंचलित कॅमेरे बसवण्याचा प्रस्ताव आला आहे. एक गट म्हणतो, यामुळे जीव वाचतील. दुसरा म्हणतो, हा लोकांच्या खिशात हात घालायचा धंदा आहे. यातलं खरं काय, मत देण्याआधी काय तपासावं, आणि उद्या एखाद्याला चुकीची नोटीस आली तर त्याने काय करावं?

दोन्ही गट बरोबर असू शकतात, आणि तेही एकाच शहरात, एकाच वर्षी. मी वाहतूक अभियंता आहे. आधी कॅमेऱ्यांच्या जागा ठरवण्याचं आणि पुढे असे प्रकल्प तपासण्याचं काम बरीच वर्षं केलं. खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघून काहीही कळत नाही, यंत्र सगळीकडे साधारण तेच असतं. प्रकल्प कशासाठी आहे हे पहिला फोटो निघण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कंत्राटदाराला पैसे कसे मिळणार, जागा कोणी आणि कशावरून निवडल्या, पिवळा दिवा किती सेकंद राहणार, यातच ते ठरतं. तुमच्या प्रस्तावाला कॅमेऱ्याचं गुळगुळीत माहितीपत्रक जोडलेलं असेल. ते बाजूला ठेवा आणि कंत्राटाचा मसुदा मागा.

ग्यानबाची मेख तिथेच असते. कंत्राटदाराला दर नोटिशीमागे ठरावीक रक्कम मिळणार असेल, तर पुढची चर्चा करायचीही गरज नाही. ज्याचं पोट नियम मोडणाऱ्यांवर भरतं, त्याच्याकडून नियम मोडणारे कमी करण्याची अपेक्षा ठेवली की कुंपणच शेत खाणार. हल्ली ही अट कोणी इतक्या उघडपणे लिहीत नाही, म्हणून कलमं सावकाश वाचावी लागतात. ‘नगरपालिकेला एक पैसाही खर्च नाही’ हे वाक्य दिसलं की सावध व्हा. याचा अर्थ कंत्राटदाराचं भाडं वसूल झालेल्या दंडातूनच जाणार. नोटिसा कमी झाल्या की त्याचं देणं थकणार, आणि मग तो कॅमेरा ‘जास्त चालणाऱ्या’ चौकात हलवायची मागणी करणार. काही मसुद्यांत महिन्याला किमान अमुक नोटिसा निघतीलच अशी हमी असते. काहींत नगरपालिकेने सिग्नलची वेळ बदलली किंवा कॅमेरा बंद ठेवला तर कंत्राटदाराला भरपाई द्यायची असते. मला हे शेवटचं कलम सगळ्यात घातक वाटतं. चौक सुधारायला निघालेल्या अभियंत्यालाच ते गुन्हेगार ठरवतं.

चालण्याजोगं कंत्राट साधं असतं. दरमहा ठरावीक भाडं, यंत्र बंद राहिलं तर कपात, आणि चुकीची नोटीस गेली तर कंत्राटदाराला दंड. नोटीस काढायची की नाही याचा निर्णय पालिकेच्या किंवा पोलिसांच्या माणसाचा, कंत्राटदाराच्या माणसाचा नाही.

हे नुसते संशय नाहीत. शिकागोत २००३ पासून लाल सिग्नलचे कॅमेरे लागले आणि पुढे ते जाळं अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक झालं. कंत्राट रेडफ्लेक्स या कंपनीचं होतं. ते देखरेखीखाली ठेवणारा शहराच्या वाहतूक विभागातला अधिकारी जॉन बिल्स याने कंपनीकडून वर्षानुवर्षं लाच घेतल्याचं सिद्ध झालं आणि २०१६ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या अमेरिकेतल्या माजी प्रमुखही तुरुंगात गेल्या. दुसरं टोक ओहायोतल्या एल्मवूड प्लेस नावाच्या चिमुकल्या गावाचं. वस्ती जेमतेम दोन हजारांची, पण वेग मोजणारे कॅमेरे लागल्यावर पहिल्याच महिन्यात वस्तीपेक्षा जास्त नोटिसा निघाल्या. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी या प्रकाराला पत्त्यांच्या हातचलाखीची उपमा देऊन तो बंद पाडला.

पैशाचा दुसरा भाग म्हणजे दंड कुठे जमा होतो. ब्रिटनने २००० मध्ये काही भागांत प्रयोग सुरू केला आणि मग तो देशभर नेला. पोलीस आणि स्थानिक परिषदांच्या संयुक्त यंत्रणेने दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायचा, उरलेलं सरकारजमा करायचं. यात एक चांगला लगाम होता. सुरुवातीच्या निकषाप्रमाणे कायमचा कॅमेरा लावायचा तर त्या पट्ट्यात मागच्या तीन वर्षांत दर किलोमीटरमागे किमान ४ मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे अपघात झालेले असायला हवे होते, आणि कॅमेरा दुरून दिसेल असा भडक पिवळा रंगवायचा होता. तरीही खर्च दंडातून भागतो एवढं कळल्यावर लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि २००७ मध्ये ही पद्धत बंद झाली. ती पद्धत मुळात वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिचे निकष आजच्या कितीतरी प्रस्तावांपेक्षा कडक होते. पण लोक निकष वाचत नाहीत, पैसा कुठे जातो ते बघतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

तुमच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. पुढच्या वर्षांच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्यांच्या दंडाचा जमेचा आकडा कसा दाखवलाय ते पाहा. कॅमेरा यशस्वी झाला तर त्याची कमाई दरवर्षी घटली पाहिजे, कारण लोक सुधारतात. जमेचा आकडा वर्षागणिक चढता असेल, तर लोक सुधारणार नाहीत हे पालिकेने गृहीत धरलंय आणि त्या पैशावर दुसरे खर्चही बांधून ठेवलेत. असा आकडा एकदा अंदाजपत्रकात शिरला की पुढचा प्रत्येक अभियंता चौकातलं उल्लंघन कमी करण्याआधी लेखा विभागाचं तोंड बघतो.

आता मूळ मुद्दा. जीव वाचतात का? इथे वेगाचा कॅमेरा आणि लाल सिग्नलचा कॅमेरा यांची सरमिसळ करू नका. पुरावे दोघांचे वेगळे आहेत.

वेगाच्या कॅमेऱ्यांची बाजू भक्कम आहे. संशोधनाचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात ३५ अभ्यास तपासले गेले. कॅमेऱ्यांच्या आसपासचे एकूण अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी, तर मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचं त्यांत दिसलं. अभ्यासांचा दर्जा मध्यम होता हे त्याच आढाव्यात स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे नेमक्या टक्क्यांवर पैज लावू नये. दिशा मात्र एकच आहे. त्यामागचं कारणही साधं आहे. स्वीडनच्या ग्योरान निल्सन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार जीवघेण्या अपघातांची संख्या सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे बदलते. सरासरी वेग ५ टक्क्यांनी उतरला तर जीवघेणे अपघात सुमारे १८ ते १९ टक्क्यांनी उतरतात. ताशी ५० च्या रस्त्यावर हे ५ टक्के म्हणजे अडीच किलोमीटर. गाडीत बसलेल्याला हा फरक जाणवतसुद्धा नाही.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भले भले अडकतात. कॅमेरा कुठे लावतात? जिथे गेल्या दोन-तीन वर्षांत अपघात खूप झाले तिथे. पण अपघातांची संख्या दरवर्षी नशिबानेही वरखाली होते. एखाद्या वाईट वर्षानंतर तुम्ही त्या जागी काहीच केलं नाही, तरी पुढच्या वर्षी आकडा बहुधा खाली येणारच. मग कॅमेरा लावून ‘आधी १२, आता ७’ असा तक्ता दाखवला, तर त्या घटीतला किती भाग कॅमेऱ्याचा आणि किती नशिबाचा? ब्रिटनच्या योजनेचा चार वर्षांचा अहवाल आला तेव्हा कॅमेऱ्यांच्या जागी मृत्यू आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटल्याचा आकडा गाजला. त्याच अहवालाच्या परिशिष्टात मात्र निवडक जागांचं बारकाईने गणित होतं. घटीचा मोठा वाटा या आपोआप सरासरीकडे परतण्याचा होता, कॅमेऱ्याचा खरा वाटा त्याहून पुष्कळ लहान. लहान म्हणजे शून्य नव्हे, जीव वाचले होतेच. पण तुमच्यापुढे कोणी ‘आधी आणि नंतर’चा तक्ता ठेवला तर दोन प्रश्न विचारा. आधीची किती वर्षं घेतली? आणि तशाच पण कॅमेरा नसलेल्या रस्त्यांवर त्याच काळात काय झालं? उत्तर नसेल तर तो तक्ता जाहिरात समजावा.

लाल सिग्नलच्या कॅमेऱ्यांचं चित्र धूसर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काटकोनात बसणाऱ्या धडका २४.६ टक्क्यांनी कमी झाल्या, मागून बसणाऱ्या १४.९ टक्क्यांनी वाढल्या. कॅमेरा दिसला की पुढचा कचकन ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. काटकोनातली धडक जास्त जीवघेणी, कारण गाडीच्या दाराशी माणूस आणि पत्रा यांच्यात अंतरच नसतं. त्यामुळे एकूण हिशेब थोडा फायद्याचा निघाला. मात्र ह्यूस्टनमध्ये उलटी परीक्षा झाली. तिथे २०१० मध्ये जनमताने कॅमेरे काढले गेले. संशोधकांनी नंतर पाहिलं तेव्हा काटकोनातले अपघात २६ टक्क्यांनी वाढले होते, बाकीचे १८ टक्क्यांनी घटले होते, आणि एकूण अपघात किंवा जखमी यांत ठोस फरक नव्हता. म्हणून माझं मत असं: ज्या चौकात काटकोनातल्या धडकांचीच नोंद ठळक आहे आणि सिग्नलची वेळ, दिव्यांची उंची, झाडांच्या फांद्या हे सगळं आधीच दुरुस्त केलंय, तिथे लाल सिग्नलचा कॅमेरा विचारात घ्यावा. सरसकट प्रत्येक चौकात लावायचा असेल तर माझं मत विरोधात जाईल.

‘सिग्नलची वेळ’ हे दोन शब्द मी मुद्दाम आधी लिहिले. लाल सिग्नलच्या कॅमेऱ्याची सगळी नैतिकता पिवळ्या दिव्यात असते.

पिवळा किती वेळ ठेवायचा याचं सूत्र १९६० मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या गाझिस, हर्मन आणि मॅराड्यूडिन या तिघांनी मांडलं. चालकाला दिवा बदललेला कळायला एक सेकंद धरा. मग त्यात गाडीचा वेग भागिले ब्रेकच्या मंदनाची (ब्रेकने वेग दर सेकंदाला किती उतरतो त्याची) दुप्पट मिळवा. मंदन सहसा दर सेकंदाला सुमारे ३.०५ मीटर प्रति सेकंद धरतात. सपाट रस्त्यावर ताशी ५० ला उत्तर येतं जवळपास ३.३ सेकंद, ६० ला ३.७, ७० ला ४.२. यापेक्षा पिवळा कमी ठेवला तर थांबरेषेपासून काही अंतरावर असा पट्टा तयार होतो की त्यात असलेल्या चालकाला बेताने थांबताही येत नाही आणि लाल होण्याआधी रेषा ओलांडताही येत नाही. त्याने काहीही केलं तरी तो अडकतो. अशा चौकात कॅमेरा लावणं म्हणजे दंड आधीच लिहून ठेवण्यासारखं आहे. आणि एक लक्षात घ्या: सूत्रात घालायचा वेग रस्त्यावर खरोखर असलेला असावा, पाटीवरचा नव्हे. मर्यादा ५० ची आणि वाहतूक ६० ने धावत असेल तर पिवळा ३.७ सेकंदांचा ठेवून मग वेगाचं काय करायचं ते वेगळं पाहा.

एक दशांश सेकंदाने काय होतं? शिकागोत पिवळा किमान ३ सेकंदांचा असावा असा शहराचा दंडक होता. २०१४ मध्ये कॅमेऱ्यांचं काम नव्या कंत्राटदाराकडे गेलं आणि २.९ सेकंदांच्या पिवळ्यावरही नोटिसा ग्राह्य धरल्या जाऊ लागल्या. शहराच्या महानिरीक्षकांच्या तपासणीत अशा सुमारे ७७,००० नोटिसा निघाल्या, किंमत सुमारे ७७ लाख डॉलर. दिव्यांच्या वेळेत विजेच्या चढउतारांमुळे एवढा फरक पडतोच, असा तांत्रिक खुलासा होता. खुलासा खराही असेल. पण तो फरक चालकाच्या पदरात पडायला हवा होता, तिजोरीच्या नव्हे.

वळणाऱ्या गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. १९६० चं सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी आहे. वळणारी गाडी चौकाजवळ येताना आधीच वेग कमी करते, त्यामुळे तिला रेषेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. हे ओरेगनमधल्या बीव्हर्टनच्या मॅट्स यार्लस्ट्रॉम या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याने दाखवून दिलं. २०१३ मध्ये त्यांच्या पत्नीला कॅमेऱ्याची नोटीस आली आणि ते गणिताच्या मागे लागले. राज्याच्या अभियंता मंडळाने गणित तपासण्याऐवजी परवान्याशिवाय अभियांत्रिकी केल्याबद्दल त्यांनाच ५०० डॉलर दंड केला. ते न्यायालयात गेले, जिंकले, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी आपली शिफारस सुधारली. आमच्या व्यवसायाला ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही.

तुम्हाला सभागृहात वापरता येईल अशी एक मागणी सांगतो. प्रत्येक चौकातल्या उल्लंघनांचा आलेख मागा: लाल झाल्यावर किती सेकंदांनी गाडीने रेषा ओलांडली. कंत्राटदाराच्या प्रणालीत ही नोंद असतेच, ‘उपलब्ध नाही’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका. बहुतेक उल्लंघनं पहिल्या अर्ध्या सेकंदात साचलेली दिसली तर पिवळा कमी पडतोय. तो अर्ध्या सेकंदाने वाढवला की त्यातली मोठी संख्या फुकटात गायब होते. धोकादायक असतो तो लाल होऊन दोन-तीन सेकंदांनी आत घुसणारा, कारण तोवर आडव्या रस्त्याला हिरवा मिळालेला असतो. कॅमेरा त्याच्यासाठी आहे. पिवळा वाढवला तर लोक त्याचाही गैरफायदा घेतात असं काही जण सांगतात. थोडंफार घेतातही, पण मिळालेला फायदा त्याने पुसला जात नाही.

यंत्राच्या अचूकतेकडे वळतो. वेग मोजणारं रडार बहुतेक वेळा बरोबर असतं, पण ‘बहुतेक’वर दंड बसवता येत नाही. मोठ्या ट्रकच्या सपाट पत्र्यावरून लाट परावर्तित होऊन भलताच आकडा येऊ शकतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत दुसरा, स्वतंत्र पुरावा असतो: ठरावीक अंतराने काढलेले दोन फोटो आणि रस्त्यावर रंगवलेल्या खुणा. फोटोंमध्ये अर्धा सेकंद असेल आणि गाडी साडेसात मीटर सरकली असेल, तर ती ताशी ५४ ने चाललीय. हे गणित कोणालाही करता येतं, आणि रडार ८० म्हणत असेल तर नोटीस तिथेच फाडायची. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हे झालं नाही. लाल दिव्यापाशी उभ्या असलेल्या गाडीला २५ मैलांच्या रस्त्यावर ३८ मैलांनी धावल्याची नोटीस गेली. दोन्ही फोटोंत गाडी एकाच जागी होती, तरी तपासणाऱ्याने सही केली होती. तिथल्या एका लेखापरीक्षणात १० टक्क्यांहून जास्त नोटिसा चुकीच्या निघाल्या आणि २०१३ मध्ये सगळा प्रकल्प थांबवावा लागला. मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवर २००३ मध्ये एका जुनाट, छोट्या डॅटसन गाडीचा वेग ताशी १५८ नोंदवला गेला, जो तिला ढकलूनही गाठता आला नसता. चौकशीअंती राज्याने दंड परत केले. व्हिक्टोरिया राज्याने पुढे फक्त वाहतूक कॅमेऱ्यांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र आयुक्तही कायद्याने नेमला. छोट्या पालिकेला आयुक्त परवडणार नाही. पण यंत्रांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती अचूक मोजतात का याची तपासणी, पुरवठादाराऐवजी तटस्थ प्रयोगशाळेने करावं आणि त्याची प्रमाणपत्रं जाहीर असावीत एवढं तरी जमतं.

नंबरप्लेट वाचण्यातली चूक याहून सामान्य आहे. इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि आठ यांची गल्लत रोजचीच. सगळ्यात मजेशीर उदाहरण इंग्लंडमधल्या बाथचं. २०२१ मध्ये तिथल्या बसच्या मार्गिकेवरच्या कॅमेऱ्याने रस्त्यावरून चालणाऱ्या एका बाईच्या टी-शर्टवरचा ‘निटर’ (KNITTER) हा शब्द ‘केएन१९ टीईआर’ (KN19 TER) अशी नंबरप्लेट म्हणून वाचला, आणि दूर सरे परगण्यात राहणाऱ्या गाडीमालकाच्या घरी दंडाची नोटीस पोचली. हसून झालं की प्रश्न उरतो, तो फोटो माणसाने पाहिला होता का? म्हणून मी कोणत्याही प्रकल्पात पहिल्यांदा नाकारलेल्या फोटोंचं प्रमाण विचारतो. झाकोळलेली प्लेट, डोळ्यांवर आलेलं ऊन, रुग्णवाहिकेला दिलेली वाट, पोलिसाने हाताने पुढे काढलेली गाडी अशी कारणं रोज येतात, त्यामुळे बरेचसे फोटो बाद व्हायलाच हवेत. बाद होणारे जवळपास नसतील तर तपासणी होत नाहीये, नुसतं बटण दाबलं जातंय. तपासनीस एका फोटोला किती सेकंद देतो तेही नोंदीत असतं. मागा.

जागेबद्दल थोडं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२२ मध्ये शिकागोच्या नोटिसांचं विश्लेषण केलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या घरांना श्वेत वस्त्यांच्या सुमारे दुप्पट दराने नोटिसा जात होत्या. कॅमेऱ्याला माणसाचा रंग दिसत नाही. पण त्या वस्त्यांमधले रस्ते रुंद, चार-चार मार्गिकांचे, महामार्गाला लागून आणि कडेला फारशी दुकानं-घरं नसलेले होते. असा रस्ता चालकाला पळायला सांगतो आणि पाटी हळू म्हणते. रस्त्याची रचना आणि मर्यादा यांत असं भांडण असेल तिथे आधी रस्ता अरुंद करा, मध्ये बेट बांधा, झेब्रा उंच करा. हे एकदाच करावं लागतं आणि चोवीस तास काम करतं. कॅमेऱ्याची नोटीस टपालाने पोचते, तोवर चालकाने त्या रस्त्यावरून आणखी दहा फेऱ्या मारलेल्या असतात.

लांब, वस्ती नसलेल्या रस्त्यांवर एकटा कॅमेरा कमकुवत पडतो, कारण लोक त्याच्या अलीकडे ब्रेक दाबतात आणि पलीकडे पुन्हा पळतात. तिथे दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढायची पद्धत बरी. इटलीत ती २००५ पासून आहे, स्कॉटलंडच्या ए-९ रस्त्यावर २०१४ पासून. यात क्षणाच्या चुकीला दंड होत नाही, सलग दामटणाऱ्याला होतो, म्हणून लोकांनाही ती जास्त न्याय्य वाटते.

कायद्याचं पालिकेच्या वकिलावर सोडा, पण दोन गोष्टी त्याला लेखी विचारा. पहिली, वरिष्ठ सरकारच्या कायद्याने असा अधिकार स्थानिक संस्थेला स्पष्ट दिलाय का? अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने कॅमेऱ्यांचा आपला नियम केला आणि २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याच्या कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. दुसरी, दंड गाडीमालकाला की चालकाला? मालकाला असेल, तर ‘मी चालवत नव्हतो’ हे त्याने सिद्ध करायचं का? मिसूरीत २०१५ मध्ये सेंट लुइसचा नियम याच मुद्द्यावर पडला. ब्रिटनमध्ये चालक कोण होता ते सांगणं मालकावर बंधनकारक आहे आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये ते मान्य केलं. स्वीडनमध्ये फोटोत चालकाचा चेहरा ओळखू यावा लागतो, म्हणून तिथे दंड कमी वसूल होतात. तरी स्वीडन कॅमेरे वाढवतच आलाय, कारण त्यांना लोक हळू चालवायला हवेत आणि ते साधतंय. नियम न मोडणाऱ्यांचे फोटो किती तासांत पुसले जाणार हेही ठरावातच लिहून घ्या, नंतर कोणी लिहीत नाही.

प्रस्ताव मंजूरच करायचा असेल तर दोन उसन्या अटी घाला. इंग्लंडमध्ये २०२२ पासून लंडनबाहेरच्या परिषदांना वळणबंदी मोडणं, चौकातल्या रिकाम्या ठेवायच्या पिवळ्या चौकटीत थांबणं यांसारख्या उल्लंघनांवर कॅमेऱ्याने कारवाई करण्याचे अधिकार मिळू लागले. तेव्हा प्रत्येक नव्या जागी पहिले सहा महिने पहिल्या चुकीला फक्त ताकीद द्यायची असं ठरलं. दुसरी अट कॅलिफोर्नियाची. तिथल्या २०२३ च्या कायद्याने सहा शहरांना वेगाच्या कॅमेऱ्यांची परवानगी दिली. त्यात लिहिलंय की एखाद्या जागी १८ महिन्यांत वेग ठरलेल्या प्रमाणात उतरला नाही, तर कॅमेरा तिथे तसाच चालू ठेवता येणार नाही. एकतर रस्त्याची रचना सुधारा, नाहीतर तो बंद करा. उरलेला पैसाही रस्ते सुरक्षित करण्यावरच खर्च करायचा, आणि कमी उत्पन्न असलेल्यांना दंडात सवलत. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत समजूतदार मसुदा आहे. वर्षानुवर्षं तितक्याच नोटिसा काढणारा कॅमेरा हरलेला असतो, हे त्यात कायद्याच्या भाषेत आलंय.

विरोधकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरने ऑगस्ट २०१० मध्ये पैशाअभावी कॅमेरे बंद केले. वेग वाढल्याचं दिसलं आणि एप्रिल २०११ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. फ्रान्समध्ये २०१८-१९ च्या पिवळ्या जाकिटांच्या सरकारविरोधी आंदोलनात निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांची मोडतोड झाली, तेव्हाही रस्ते काही सुरक्षित झाले नाहीत. दंडाचा राग योग्य असू शकतो, पण ‘कॅमेऱ्याने काहीच होत नाही’ हे खरं नाही.

राहिला चुकीच्या नोटिशीचा प्रश्न. आधी नोटिशीवरची हरकतीची मुदत पाहा. ती चुकली की खरी बाजूही निरुपयोगी होते. दंड भरून मग भांडायचं ठरवू नका, बहुतेक ठिकाणी भरणं म्हणजे कबुली धरतात. मूळ फोटो आणि व्हिडिओ मागा, छापील लहान चित्रावर जाऊ नका. वेगाची नोटीस असेल तर दोन फोटोंमधला वेळ आणि गाडी किती सरकली ते मोजा. त्या यंत्राचं त्या तारखेला लागू असलेलं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा. लाल सिग्नलची असेल तर त्या चौकात जाऊन फोनवर पिवळ्या दिव्याचा व्हिडिओ घ्या, दहा-बारा फेऱ्यांचा, आणि फ्रेम मोजून सेकंद काढा. प्लेटचा प्रत्येक अक्षर-अंक, गाडीचा रंग आणि मॉडेल नोंदणीशी ताडून पाहा. हरकत लिहिताना रागाचं एकही वाक्य नको. कोणता आकडा कोणत्या आकड्याशी जुळत नाही एवढंच लिहा आणि कोणता कागद मागूनही मिळाला नाही त्याची तारखेसह नोंद करा. न मिळालेल्या कागदावर हरकती जिंकल्या गेल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय.